क्लचच्या नळींत शिरलेली हवा

तूर बाजारांत येण्याच्या दिवसांत उदगीरच्या मोंढ्याकडून मोटार नेणें म्हणजे घटकाभर सारखा क्लच दाबीत राहणें होय. अशा गर्दींत पायाखालचें पेडल एकाएकीं मऊ पडलें आणि गिअर टाकतांना करकर आवाज होऊं लागला, तर मालकाची धांदल उडते. शेजारच्यांचें निदान ठरलेलें असतें: "एअर धरली आहे, काढून टाका." तें बहुधा खरेंही असतें, परंतु अपुरें असतें.

कांहीं मोटारींत पेडल व क्लच यांना पोलादी तार जोडते. इतर मोटारींत तें काम द्रव करतो. पेडलाजवळच्या मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या द्रवाला ढकलतो, तो नळीवाटे गिअरबॉक्सपाशीं असलेल्या स्लेव्ह सिलिंडरांत पोंचतो, आणि तेथील दट्ट्या क्लच सोडवितो. द्रव दाबला तरी जवळजवळ आक्रसत नाहीं. हवा मात्र आक्रसते. म्हणून नळींत बुडबुडा असला कीं पायाचें बळ त्यालाच दाबण्यांत खर्ची पडतें.

पण ही हवा आली कोठून? डबींत द्रव पुरेसा असतां बंद नळींत ती सहसा आपोआप शिरत नाहीं. बहुधा द्रव कोठून तरी गळालेला असतो. पुष्कळ मोटारींत क्लच व ब्रेक यांना एकाच डबींतून द्रव मिळतो. तेव्हां क्लचची गळती न शोधतां नुसती हवा काढणारा गृहस्थ आपल्या ब्रेकशींही खेळत असतो, हें श्रोत्यांपैकीं मोटार बाळगणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं डोळे व बोटें वापरावीं. पेडलाच्या दांड्याजवळ, पायाखालच्या गालिच्यावर ओल आहे काय? स्लेव्ह सिलिंडरचें रबरी टोपण उचलल्यास आंत ओल आहे काय? असल्यास सिलिंडरचें किट किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. कांहीं मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटांत असतो. तेथून थेंब पडूं लागले तर तें काम घरचें नव्हे. ओल कोठेंच नाहीं, परंतु दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जातें, तर मास्टर सिलिंडरचें आंतील रबर झिजलें असावें. तीन-चार वेळां दाबल्यावर पेडल वर येऊन गिअर सहज पडला, तर हवेचा संशय बळावतो. आणि पेडल घट्ट असूनही गिअर करकरत असेल, तर दोष बहुधा क्लचच्या यंत्रांतच असतो; तेथें हवा काढण्यांत दुपार फुकट जाते.

द्रवाला बाजारांत 'ब्रेक ऑइल' म्हणतात. नांव दिशाभूल करणारें आहे, कारण तें बहुधा तेल नव्हेच. इंजिनचें तेल ओतलें तर आंतील रबरें फुगून निकामी होतात. डबीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच घ्यावा, आणि तोही नव्या, बंद बाटलींतला. हा द्रव हवेंतील ओलावा शोषतो. 'डॉट ४' जातीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १५५° पर्यंत उतरूं शकतो. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्यानें धुवावा.

हवा काढण्यास दोन माणसें लागतात. मोटार सपाट जागीं, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचें टोक बाटलींतील द्रवांत बुडवावें. एकानें पेडल तळापर्यंत दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल किंचित् सैल करावें, बुडबुडे निघतांच पुन्हां आवळावें, आणि मगच पेडल सोडण्यास सांगावें. हा क्रम उलटला कीं काढलेली हवा परत आंत जाते. घरोघरचीं भांडणें येथेंच होतात, म्हणून "दाबा", "धरा", "सोडा" हे शब्द आधींच ठरवावे. डबी मात्र मधून मधून भरत राहावी. ती रिती झाली तर सर्व श्रम पहिल्यापासून.

बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालें, कीं डबीवरील पातळीला खूण करावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पातळी खुणेखालीं उतरलेली दिसली, तर मोटार लातूरच्या रस्त्याला न काढतां मिस्त्र्यालाच घरीं बोलवावें.