जुनी आरी घ्यावी का?



आमचा बारा जणींचा बचत गट. फणसाच्या लाकडाचे पाट आणि चौरंग करून आम्ही विकतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने हातकरवतीने फळ्या कापून खांदे भरून येतात. अशात शेजारच्या गावचे एक सुतारकाका धंदा बंद करताहेत आणि टेबलावरची गोल आरी १८,००० रुपयांना देताहेत, असं कळलं. गटात लगेच दोन तट पडले. गटाची शिल्लक म्हणजे कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. म्हणून ठरलं, आधी पाहून येऊ, मग बोलू.

काकांनी आरी रिकामी फिरवून दाखवली. पण रिकामी आरी कुणाचीही फिरते. आम्ही घरून दीड इंची फळी नेली होती, ती कापायला लावली. मोटर दमते का, कापलेली कड जळून काळी पडते का, हे तेव्हाच कळतं. मग वायर काढून, पट्टा उतरवून पात्याचा दांडा हाताने वरखाली हलवला. थोडा खुळखुळला. बेअरिंग गेलेलं. ते बदलता येतं. दांडाच झिजलेला असता तर आम्ही तिथूनच परतलो असतो.

मोटरवरची पाटी वाचली तर ती थ्री फेज निघाली. आमच्या शेडला सिंगल फेज आहे. म्हणजे एकतर नवी जोडणी, नाहीतर दुसरी मोटर. दोन एचपी म्हणजे सुमारे १,५०० वॉट, ते घरच्या जुन्या वायरीवर चालवायचं काम नाही. वेगळी वायर आणि अर्थिंग हवंच. मोटर बदलताना तिचे फेरेही पाहावे लागतात. पात्यावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, त्यापुढे जायचं नाही.

आणि पात्यावर झाकण नव्हतं. “मध्ये मध्ये येतं म्हणून काढलं, तीस वर्षांत काही झालं नाही,” काका म्हणाले. आम्ही हळूच त्यांची बोटं मोजली, दहाही होती! पण त्यांचा हात तीस वर्षांचा, आमचा पहिल्या दिवसाचा. पात्यामागे जी पातळ उभी पट्टी असते, तीही नव्हती. लाकूड कापताना चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि फळी झपकन कापणारीच्या अंगावर येते. ती पट्टी चीर उघडी ठेवते. आमच्यातली एक म्हणाली, हातमोजे घालू. ते तर मुळीच नको. मोजा पात्यात अडकला की हात आत ओढला जातो. पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले, आणि फळी शेवटी लाकडी काठीने ढकलायची, एवढं हवं.

मग हिशेब मांडला. मोटर, बेअरिंग, झाकण, पट्टी, नवं पातं, वायरिंग धरून वर १३,००० रुपये. म्हणजे आरी पडणार ३१,००० ला, आणि चालणार वर्षातून दोन महिने. लाकडाच्या वखारीत चौकशी केली तर आमच्या सगळ्या फळ्या मापात कापून द्यायचे हंगामाला ९,००० होतात. विजेचं बिल सोडलं तरी आरीचे पैसे फिटायला तीन हंगाम पुरत नाहीत.

चौघी म्हणाल्या, नकोच. आठ जणी म्हणाल्या, ११,००० ला मिळाली तर घेऊ, पण झाकण आणि पट्टी बसल्याशिवाय खटका दाबायचा नाही. ओंडके चिरणाऱ्या आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. आम्ही फळ्याच कापणार, तरी पैसे देण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून यायचं काम दोघींकडे दिलं आहे.

काकांनी सोमवारच्या बाजारापर्यंत वेळ मागितलाय. तोवर यंदाच्या फळ्या आम्ही वखारीत टाकल्या आहेत.