सगळ्या घराचा एक फोटो



आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, फोटोबद्दल काय बोलायचे? उभे राहायचे, बटण दाबायचे, झाले. पण जरा थांबा. आधी मला सांगा, तुमच्या घरात तुमच्या आजीचा फोटो आहे का? आजीचा राहू द्या. तुमच्या आईचा, तिच्या एकटीचा, बरा फोटो आहे का?

पुष्कळ घरांत काय घडते, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारी जाते. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे असतो. घरभर शोधाशोध होते. पेटी उघडतात, कपाट उघडतात. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात येते, "अरे, आधार कार्डावर हाय की!" मग ते कार्ड घेऊन नातू नांदेडला किंवा लातूरला जातो. दुकानदार तो नखाएवढा फोटो मोठा करतो. चेहरा धुरकट येतो. पदर नीट नसला, तर तो दुसऱ्याच लुगड्याचे चित्र खाली जोडतो. तोच फोटो भिंतीवर लागतो. त्यात आजी हसत नाही. त्या दिवशी ती रांगेत ताटकळली होती आणि समोरचा माणूस म्हणत होता, "इकडे बघा, हलू नका." जिने लेकरांना मांडीवर घेऊन घास भरवले, ती आजी त्या फोटोत सापडत नाही.

हे असे का झाले? आपल्या मायबापांना फोटो नको होते असे नाही. फोटो ही गोष्टच गरिबाच्या हाताला लागत नव्हती.

फोटो काढण्याची युक्ती १८३९ साली फ्रान्स देशात जाहीर झाली. पुढे थोड्याच वर्षांत ती आपल्या देशात आली. पण खर्च मोठा होता. त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मोकळा झाला. या निजामाच्या दरबारात लाला दीनदयाळ नावाचे मोठे फोटो काढणारे होते. ते मूळचे उत्तरेकडचे, मेरठजवळच्या सरधना गावचे. निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. त्यांनी नवाबांचे, सरदारांचे, साहेब लोकांचे फोटो काढले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे पडदानशीन बायका येत. म्हणून तिथे फोटो काढायलाही बाईच नेमली होती. म्हणजे बघा, बायकांचाही फोटो निघावा, ही गोष्ट तेव्हाही लोकांना पटत होती. पण तो मान बड्या घरच्या बायकांना होता. आपल्या रानात खुरपणाऱ्या बाईला कोण विचारतो?

दुसरे कारण भीतीचे. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे लोक म्हणत. दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा काढला. त्याच्याआधी ते फोटोचा धंदा करीत. बडोद्याला त्यांना हाच अनुभव आला. फोटोचे यंत्र अंगातली शक्ती ओढून घेते, अशी समजूत तिथे पसरली होती. लोक फोटोला बसेनात. धंदा चालला नाही.

ही भीती खोटी आहे. कशी ते समजून घ्या. फोटो म्हणजे उजेडाचे काम. सूर्याचा उजेड आपल्या अंगावर पडतो आणि परत फिरतो. म्हणून तर आपण एकमेकांना दिसतो. कॅमेरा ही एक अंधारी पेटी. तिला पुढून काचेचा डोळा असतो. आपल्यावरून परत फिरलेला उजेड या डोळ्यातून आत शिरतो. पूर्वी आत चांदीच्या क्षाराची फीत असे. जिथे उजेड पडला, तिथे ती धुतल्यावर काळी होई. तिच्यावरून मग कागदावर फोटो काढत. आता फितीच्या जागी विजेवर चालणारी बारीक चकती असते. आपल्या अंगातले काहीच जात नाही. जो उजेड नाही तरी वाया जायचा, तोच पेटीत धरून ठेवायचा, इतकेच.

पहिल्या पहिल्या फोटोंना फार वेळ लागे. माणसाला न हलता बसून राहावे लागे. तेवढा वेळ हसू कसे टिकणार? जुन्या फोटोंतली माणसे रागावल्यासारखी दिसतात, त्याचे हे एक कारण. पण फोटोत हसू नये, ही सवय मात्र आपल्याला कायमची लागली.

पुढे फोटो जरा स्वस्त झाला. तालुक्याच्या गावी स्टुडिओ निघाले. माळेगावच्या खंडोबासारख्या जत्रांत फोटोवाले तंबू टाकू लागले. मागे रंगवलेला पडदा असायचा. त्यावर ताजमहाल, नाही तर मोटार, नाही तर विमान. नवरा खुर्चीवर बसायचा, बायको बाजूला उभी, लेकरू मांडीवर. ज्याने विमान कधी पाहिले नाही, तो त्यात बसून गावी यायचा! अशा फोटोंना हसू नका. त्या माणसांनी कष्टाचे पैसे मोडून ती हौस केली होती.

आता काळ बदलला आहे. घरोघरी मोबाईल आहे. मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. पोरे दिवसाला पन्नास फोटो काढतात. मग आता तरी आजीचा फोटो निघतो का? तुमच्या घरातला मोबाईल घ्या आणि मोजून बघा. लेकराचे फोटो पुष्कळ. तरण्या पोराचे त्याहून पुष्कळ. बापाचे चार-दोन. आईचा? आई बहुतेक स्वयंपाकात असते. सगळे जेवायला बसलेले फोटोत दिसतात, वाढणारी दिसत नाही. आजीला बोलावले तर ती म्हणते, "मला म्हातारीला काय करायचाय फोटू?" आणि आपण तिचे ऐकतो. एवढ्या एका गोष्टीत तरी तिचे ऐकू नका.

आणखी एक सांगतो. लग्नात, बारशात, हळदीत घरातली विधवा बाई कुठे असते? कोपऱ्यात. तिला फोटोत पुढे येऊ देत नाहीत. तीही आपण होऊन मागे सरते. मुलगी जिने एकटीने कष्ट करून वाढवली, त्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत ती आईच नाही! हे बरे नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, या चाली गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या गावांना हाच कित्ता गिरवायला सांगितले. फोटोत तिला पुढच्या ओळीत बसवायला तर ठरावही लागत नाही. कुणी तरी उठून तिचा हात धरायचा, बस्स.

आता फोटो कसा काढावा, ते ऐका.

सगळे घर एका जागी कधी जमते? पोरगा पुण्याला कामाला, लेक सासरी, भाऊ ऊसतोडीला. पण आपल्या लातूरकडे आणि नांदेडच्या काही भागात येळवस असते. वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळे रानात जमतात. कडब्याची कोप असते, पांडवांची पूजा असते, भज्जी असते, आंबील असते. मागे हिरवी ज्वारी, हरभरा. याहून चांगला पडदा कुठला स्टुडिओ देणार? जेवण आटोपले, ऊन उतरले, की सगळ्यांना बसवा. तुमच्याकडे येळवस नसेल, तर दसरा आहे, दिवाळी आहे.

भर दुपारी फोटो काढू नका. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळी सावली पडते. सकाळी किंवा दिवस कलल्यावर काढा. सूर्य माणसांच्या पाठीमागे नको, नाही तर तोंडे काळी येतात. घरात काढायचा असेल, तर दाराजवळ किंवा ओसरीवर बसा. तोंड उजेडाकडे करा.

म्हातारी माणसे मधोमध बसवा. त्यांना त्यांच्या रोजच्या कपड्यात राहू द्या. आजोबांचा पटका, आजीचे लुगडे, हीच त्यांची ओळख. "हास की" म्हणून हसू येत नसते. त्यांना काही विचारा. "तुमच्या लग्नात वऱ्हाड बैलगाडीनं आलतं का?" असे विचारा. त्या बोलू लागतील, हात हलवतील, हसतील. तेव्हा बटण दाबा. माणूस त्याच्या कामातही फार चांगला दिसतो. भाकरी थापणारी आई, बैलाच्या पाठीवर हात ठेवलेला बाप, वाकळ शिवणारी आजी, असे एकेकाचे फोटो काढून ठेवा.

लेकराला उंचावरून टिपू नका. आपण खाली बसा. लेकराच्या डोळ्याला आपला डोळा आला पाहिजे. त्याची झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे. ते वासराशी खेळत असेल, तर खेळू द्या. रागावून "नीट उभा राहा" म्हटले, की फोटोत रडके तोंडच येणार.

आता शहरात नवी तऱ्हा निघाली आहे. तान्ह्या बाळाला टोपलीत निजवून फोटो काढतात. गोकुळाष्टमीला लेकराला कृष्ण करतात. लग्नाआधी नवरा-नवरी कंधारच्या, उदगीरच्या किल्ल्यावर जाऊन फोटो काढतात. हौस वाईट नाही. तीन गोष्टी मात्र पाळा. तान्ह्या बाळाची मान आईच्या हातातच असावी. त्याला उघडे ठेवून गारठवू नये. किल्ल्याच्या कडेवर, धबधब्याच्या काठावर फोटोसाठी कुणी उभे राहू नये. आणि फोटोसाठी कर्ज काढू नये.

फोटोवाल्याशी आधी बोला. पैसे किती? कागदावरचे फोटो किती देणार? कोणत्या तारखेला देणार? हे सगळे कागदावर लिहून घ्या आणि मगच आगाऊ पैसे द्या. आता तुम्हाला वाचता येते. तो काय लिहितो, ते वाचून बघा.

फोटो काढला. आता तो जपायचा कसा?

३० सप्टेंबर १९९३ चा दिवस आपण विसरू शकत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. भिंत पडली, की भिंतीवरची तसबीर आणि पेटीतला कागद कुठून राहणार? घरच फिरून बांधता येते. गेलेल्या लेकराचा चेहरा फिरून आणता येत नाही. म्हणून एका फोटोच्या दोन प्रती काढा. एक आपल्या घरी ठेवा. दुसरी दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा.

मोबाईलवर सगळा भरवसा ठेवू नका. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. वर्षातून चार फोटो तरी कागदावर काढून घ्या. ते ओलीपासून आणि वाळवीपासून दूर, उंच जागी ठेवा. फोटो काचेला चिकटू देऊ नका. मध्ये जाड कागदाची चौकट ठेवायला सांगा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फोटोच्या पाठीमागे नाव लिहा.

नाव नसले तर काय होते? शिवाजी महाराजांएवढा राजा. पण पुष्कळ वर्षे दुसऱ्याच एका माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. वा. सी. बेंद्रे या अभ्यासकांनी जुने कागद धुंडाळले आणि महाराजांचे खरे चित्र १९३३ साली लोकांपुढे आणले. राजाच्या चित्राची ही गत, तर आपल्या आजा-पणज्याची काय कथा? त्यांच्यासाठी कोण शोध घेणार?

नुसते "आजी" असे लिहू नका. आज ती तुमची आजी. चाळीस वर्षांनी फोटो हातात घेणारा विचारील, कुणाची आजी? तिचे पुरे नाव लिहा. तिच्या माहेरचे नाव आणि गाव लिहा. बाईचे माहेरचे नाव लग्नात मागे राहते, ते निदान इथे तरी राहू द्या. डावीकडून कोण, उजवीकडून कोण, ते ओळीने लिहा. गाव, तालुका, जिल्हा लिहा. तारीख घाला. फोटो कशाच्या निमित्ताने काढला, तेही लिहा. हल्लीच्या गुळगुळीत फोटोवर पेन्सिल चालत नाही, आणि पेन दाबून लिहिले तर पुढून वळ उठतो. म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पाठीमागे कडेला चिकटवा.

पूर्वी हे काम करायला शिकलेला माणूस शोधावा लागे. आता तुम्ही स्वतः लिहू शकता. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या. आज रात्री घरी गेल्यावर जुने फोटो काढा. आई जवळ असेल तर तिला घेऊन बसा. एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा, "माय, हे कोण?" ती सांगत जाईल. तुम्ही लिहीत जा. आणि ते झाले, की आईचा फोटो काढा.