तिपाई, टीपॉय आणि आपले बाक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या धंद्याबद्दल बोल." माझा धंदा जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचा. तेव्हा टीपॉयबद्दल बोलतो.

टीपॉय म्हटलं की आपल्याला चहा आठवतो. पण या शब्दाचं चहाशी नातं नाही. तीन पायांच्या आपल्या तिपाईचा साहेबाने केलेला तो उच्चार. पुढे पाय चार झाले, नाव तेच राहिलं.

सध्या एका प्रकारच्या जुन्या टीपॉयला फार मागणी आहे. जाडजूड फळी, ठोकळ्यासारखे पाय, नक्षी अजिबात नाही, सांधे उघडे. त्याला 'ब्रूटलिस्ट' म्हणतात. नाव क्रूर वाटतं, पण ते आलं फ्रेंच 'बेताँ ब्रूत'वरून, म्हणजे गिलावा न केलेलं काँक्रीट. ल कॉर्बुझिए यांनी मार्सेयला १९५२ साली पुरी केलेली मोठी इमारत अशीच उघड्या काँक्रीटची आहे. पुढे तेच नाव लाकडी सामानालाही चिकटलं. वस्तू जशी आहे तशी दिसू द्यायची, हे त्यामागचं तत्त्व.

याच कॉर्बुझिएंनी चंडीगड आखलं. त्यांचे नात्यातले भाऊ पिएर जानरे १९६५ पर्यंत तिथे राहिले. नव्या शहरातल्या कचेऱ्या, कॉलेजं, विद्यापीठ यांना टेबलं-खुर्च्या हव्या होत्या. जानरे, युली चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे, भक्कम नमुने काढले. आपल्याच कारागिरांनी ते सागात आणि वेतात घडवले. साग का? तर वाळवी आणि ओल या दोन्हींना तो दाद देत नाही.

पुढे हे सामान जुनाट वाटू लागलं. गच्चीवर, अंगणात ढीग लागले आणि भंगाराच्या भावाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते नेलं, पॉलिश केलं आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखांनी विकल्या गेल्या. २०११ साली केंद्र सरकारने या सामानाच्या विक्रीवर बंदी घातली, तोवर पुष्कळसं गेलेलं होतं. गंमत म्हणजे खुर्चीच्या पाठीवर कारकुनाने रंगवलेला कचेरीचा नंबर आज तिच्या खरेपणाची खूण मानतात. व्यापारी तो पुसत नाहीत.

हे आज सांगायचं कारण तुम्हाला कळलंच असेल. शाळेची नवी इमारत होते आहे. जुने बाक आणि शिक्षक-खोलीतलं ते लांब टेबल मागच्या शेडमध्ये रचून ठेवलंय. कर्कटकाने कोरलेली नावं त्यावर अजून आहेत. सर, तेव्हा त्यासाठी छड्या मिळाल्या. आज तेच आमचं हजेरीपत्रक आहे.

आपले बाक काही पॅरिसला जाणार नाहीत. त्यांची किंमत फक्त या सभागृहातल्या माणसांना आहे, म्हणून निर्णयही आपणच घ्यायला हवा. माझी विनंती एवढीच: विकण्याआधी मोजदाद करा, फोटो काढा. शिक्षक-खोलीतलं टेबल आणि दहा तरी बाक नव्या वाचनालयासाठी ठेवा. निखळलेले सांधे मी बसवून देईन, मजुरी घेणार नाही. फक्त कोरलेल्या नावांवर रंधा मारायला मला सांगू नका.