नकोसे कॉल आणि तक्रारीचे नागरी कर्तव्य

ग्राहकाची संमती न घेता, केवळ विक्रीच्या हेतूने त्याच्या दूरध्वनीवर केलेला कॉल किंवा पाठवलेला संदेश हा नियमांच्या दृष्टीने अनाहूत व्यावसायिक संपर्क ठरतो. कर्जापासून विम्यापर्यंत त्याची रूपे अनेक असली, तरी मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे जिथे वर्षानुवर्षे येऊन वसत आली, त्या वसई-विरारमध्ये घरविक्रीचा कॉल हे त्याचे विशेष परिचित रूप आहे. वृत्तपत्रात घालून येणारी आणि सोसायटीच्या पत्रपेट्यांत साचणारी पत्रके ही त्याचीच कागदी भावंडे होत.

या शहरात हा प्रश्न केवळ मनःस्तापाचा नाही. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या आणि तेथील रहिवाशांचा निवारा गेला, तेव्हा घराच्या जाहिरातीची शहानिशा किती आवश्यक आहे हे सर्वांसमोर आले. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याच्या कलम ३नुसार नोंदणीस पात्र प्रकल्पाची जाहिरात राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, म्हणजेच महारेराकडील, नोंदणीपूर्वी करता येत नाही, तर कलम ९नुसार अशा प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी बंधनकारक आहे. म्हणून कॉल करणाऱ्याकडे हे दोन्ही नोंदणी क्रमांक मागणे आणि ते महारेराच्या संकेतस्थळावर पडताळणे ही ग्राहकाची पहिली सावधगिरी ठरते.

मुळात असे कॉल रोखण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, २००७मध्ये कॉल नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही आणली आणि २०१८च्या विनियमांनी ग्राहकाची पसंती व संमती यांची नोंद संगणकीय खातेवहीत ठेवण्याची व्यवस्था केली. १९०९ या क्रमांकावरून सर्व जाहिराती किंवा बँकिंग, स्थावर मालमत्ता, शिक्षण यांसारखे निवडक विषय बंद करता येतात. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या प्रचारासाठी १४०ने, तर सेवा व व्यवहारविषयक कॉलसाठी १६००ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. तरीही मुख्य उपद्रव साध्या दहा अंकी क्रमांकांवरून, नोंदणी न केलेल्या विक्रेत्यांकडून होतो, आणि तेथे पसंतीची नोंद अपुरी पडते.

फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने नेमक्या याच ठिकाणी नागरिकाचे बळ वाढवले. अशा विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी पसंती नोंदवलेली असण्याची अट उरली नाही, तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईचा मार्ग खुला झाला. पहिल्या उल्लंघनास पंधरा दिवस बहिर्गामी सेवा बंद ठेवण्याची, तर पुनरावृत्तीस एक वर्षासाठी सर्व जोडण्या तोडण्याची तरतूद आहे. कॉल करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि विषयाचे थोडक्यात वर्णन एवढी माहिती १९०९वर किंवा ट्रायच्या डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) ॲपवर द्यावी लागते. फसवणुकीचा नुसता संशय असल्यास दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत नोंद करावी, आणि पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

क्रमांक ब्लॉक केल्याने एका घराची सुटका होते, पण तोच कॉल पुढच्या घरी जातो. तक्रार मात्र त्या विक्रेत्याचे साधनच काढून घेऊ शकते. एका गृहनिर्माण सोसायटीतही पाच सजग कुटुंबे सहज सापडतात, आणि नियमाला तेवढीच पुरेशी असल्यामुळे, सोसायटीच्या सभेत ही माहिती सांगून ज्येष्ठ सदस्यांना तक्रार नोंदवण्यास मदत करणे हे सार्वजनिक हिताचे आणि आवाक्यातले काम आहे.