ग्लोव्हवरचा रडार

सणसवाडीच्या मैदानात सीमारेषेवरून थ्रो येतो, त्याचा वेग किती? ग्लोव्हवर बसवलेला चिमुकला रडार ते सांगतो. तो येणाऱ्या चेंडूवर सूक्ष्मलहरी सोडतो. परतणाऱ्या लहरींची वारंवारता जितकी वाढलेली, तितका वेग जास्त. डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेलं हे तत्त्व. पण हा आकडा झेलताना मिळालेला असतो. हवेच्या रोधामुळे हातातून सुटतानाचा वेग याहून अधिकच. म्हणून गोलंदाज शोएब अख्तरच्या २००३ मधल्या, चेंडू हातातून सुटताना मोजलेल्या ताशी १६१.३ किलोमीटरशी त्याची तुलना करून मुलांना नाउमेद करू नका. रडार नसेल, तरी अडत नाही. वीस मीटर मोजा, मोबाइलवर स्लो-मोशन चित्रण करा. चेंडूला ०.८ सेकंद लागले, तर सरासरी वेग ताशी ९० किलोमीटर.