कथेतली माणसं पुरी लिहा

दिंद्रुडसारख्या गावात कुणी पहिली कथा लिहायला बसलं असेल, तर सुरुवात ओळखीच्या जगापासून करावी. ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड, माजलगावला जाणारी एसटी, आणि संवाद आपल्या बोलीत. पात्राला काय हवंय आणि त्याच्या आडवं काय येतंय, एवढं ठरलं की कथा चालू लागते.

कथेत तृतीयपंथी व्यक्ती असेल, तर तिलाही हाच नियम. टाळी आणि शाप एवढ्यावर तिला उरकू नका. तिला काम द्या, मैत्रीण द्या, राग आणि स्वप्न द्या. ती स्वतःला 'ती' म्हणत असेल, तर निवेदनातही 'ती'च लिहा. तिचं जुनं नाव, तिच्या शरीराबद्दलचं कुतूहल, कथेची गरज नसेल तर वगळा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. लेखणीनेही तो मानावा.

आधी वाचा: लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन, दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह. कुणाची खरी हकिकत वापरायची असेल, तर परवानगी घ्या. कथा छापायला पाठवण्यापूर्वी तृतीयपंथी समाजातल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि त्यांना जे खटकेल, ते मनापासून ऐकून बदला.