मी बोलणारा माणूस नाही



आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. ते मी सात-आठ वर्षं स्वतःला ऐकवत होतो: 'मी बोलणारा माणूस नाही, मी काम करणारा माणूस आहे.' ऐकायला भारी वाटतं ना? एकदम साधा, कष्टाळू मुलगा!

हे आलं कुठून? बीटेकचं पहिलं वर्ष. मी तालुक्याच्या गावचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. पहिलं प्रेझेंटेशन इंग्रजीतून. 'डिटर्मिन'ला मी 'डिटरमाइन' म्हणालो. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग वर्ग हसला. मी खाली बसलो आणि मनात ठरवून टाकलं, आपलं काम नाही हे.

त्यानंतर व्हायवा, ग्रुप डिस्कशन, नोकरीतल्या मीटिंगा, सगळीकडे गप्प. आणि गप्प बसलो की ती गोष्ट आणखी पक्की: बघ, नाहीच जमत तुला.

दोन वर्षांपूर्वी एका डिझाइन रिव्ह्यूमध्ये मला गडबड दिसली. उत्तर यायला उशीर झाला, की आमची सिस्टीम पेमेंटची तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणार होती. आधीचं पेमेंट झालंय का, हे कुठेच तपासलं जात नव्हतं. म्हणजे लोकांचे पैसे दोनदा कापले जाणार. मी वहीत लिहिलं. बोललो नाही.

रिलीजनंतर चौथ्या दिवशी तेच झालं. कोड टीममधल्या नव्या मुलीचा होता. ती रात्रभर जागली आणि सकाळी सगळ्यांसमोर तिनेच बोलणी खाल्ली. माझी वही समोर होती. तेव्हाही मी गप्प बसलो.

त्या दिवशी माझं ते भारी वाक्य मला पहिल्यांदा खोटं वाटलं. काम करणारा माणूस म्हणे!

मी हॉस्टेलच्या जुन्या रूममेटला फोन केला. विचारलं, "ते प्रेझेंटेशन आठवतं का रे?" त्याला आठवतच नव्हतं. तो म्हणाला, "मला तर एम-वनच्या आदल्या रात्रीचं आठवतंय. आठ जणांना पहाटेपर्यंत शिकवलंस. तुझ्यामुळे माझी केटी वाचली."

हे मी साफ विसरलो होतो. डेव्हलपर मंडळींना कळेल: लॉगमध्ये दोन्ही नोंदी होत्या, मी फिल्टर लावून एकच वाचत होतो.

यावर टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल या मानसशास्त्रज्ञांचा 1982 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मार्क कमी पडल्याने काळजीत असलेली मुलं त्यांनी घेतली. काहींना एवढंच दाखवलं, की सुरुवातीला बऱ्याच जणांचं असं होतं, पुढे मार्क सुधारतात. सीनियर मुलांनी तेच स्वतःच्या तोंडून सांगितलं. दुसऱ्या वर्षाअखेर या मुलांपैकी 5 टक्क्यांनी कॉलेज सोडलं होतं. ज्यांना हे दाखवलं नव्हतं, त्यांच्यातल्या 25 टक्क्यांनी. 'मी ढ आहे' याच्या जागी 'सुरुवातीला जड जातं' आलं, इतकंच.

आता, सगळं मनातच असतं असं मी म्हणणार नाही. इंग्रजीची अडचण खरी होती, हसणारेही खरे होते. पण त्या दोन मिनिटांवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावला, तो मी.

मी त्या मुलीला वही दाखवली, सॉरी म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा बोलायचं ना दादा." पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसमोरही सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. आवाज थरथरत होता. अजूनही थरथरतो. पण रिव्ह्यूमध्ये काही खटकलं तर आता बोलतो.

या आठवड्यात एक करा. 'मी असाच आहे' किंवा 'मी अशीच आहे' हे वाक्य कुठे वापरता ते पकडा आणि कागदावर लिहा. खाली ते कधी सुरू झालं ते लिहा. मग जुन्या मित्राला किंवा मैत्रिणीला फोन करून विचारा, तुला माझं काय आठवतं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!